साफ केलेली टेकडी

कोर्त-फुंदा, २० ऑगस्ट १९९५

ती. अनाक्लेतुदादास,
धाकट्या झुल्मिराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि वहिनीने विणलेला स्वेटरही पोचला. इथे सावलीत उभं राहिलं तरी टाळू भाजते आणि वहिनी लोकर पाठवते. तिला म्हणावं, माया पोचली, आता थंडीची वाट बघते.

बातमी मात्र वाईट आहे. विहिरीकडच्या उतारावर दोन हिवाळ्यांपूर्वी मी बुचाच्या झाडाची बोंडं पेरली होती. ती सगळी रोपं वाळून गेली. आबांनी शिकवलं तशीच जमीन ठेवली होती, अगदी ताटासारखी स्वच्छ, एक झुडूप राहू दिलं नाही. जूनपासून गाढवावर पाणी वाहिलं. पण तिथे मातीच चार बोटं, खाली पाटीचा दगड. ओतलेलं पाणी घसरून खाली जायचं आणि उरलेलं दुपारपर्यंत उडून जायचं. आबांच्या तरुणपणी या डोंगरांना गव्हाचं वेड लागलं, नांगर फिरले, तेव्हाच निम्मी माती ओढ्याने नेली असं तेच सांगायचे. जुनी झाडं अजून बाटल्यांच्या बुचांसाठी साल देतात, पण त्यांच्या पायाशी एक पोर नाही. ही म्हातारी मंडळी गेली की टेकडी बोडकी.

आबांनी टेकडी तुझ्या नावावर केली आणि राबणं माझ्या. त्याबद्दल मी रडत नाही. पण त्या कागदाचा लगदा करणाऱ्या कंपनीला निलगिरी लावायला टेकडी भाड्याने हवी आहे, त्यांच्या करारावर सही करू नकोस. हात जोडते.

दोन ऑक्टोबरला फारोला, शहरातल्या इस्पितळात, डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठवडाभर तिथे लेकीकडेच राहीन. गुआल्दिनुच्या खानावळीतल्या फोनवर ये असं मात्र म्हणू नकोस. तिथे मी शिंकले तरी संध्याकाळपर्यंत अख्खं गाव औषध सांगायला येतं.

लोभ असू दे, आणि पेन जपून वापर.
तुझी,
झुल्मिरा

एश, लक्झेंबर्ग, २ सप्टेंबर १९९५

चि. झुल्मिरास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

स्वेटरचा टोमणा वहिनीला वाचून दाखवला. आता पुढचा स्वेटर गाढवासाठी विणणार म्हणते.

रोपांचं ऐकून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी त्रेसष्टचा झालो. तीस वर्षं इथे दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, आता गुडघे जिना चढू देत नाहीत. कंपनीचं भाडं दरवर्षी हातात पडेल. तुझं बोंड आज पेरलं तर चांगली साल निघायला चाळीस वर्षं लागणार. तेव्हा आपण दोघं कुठे असू हे तुलाही ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट टोचते. सुट्टीवरून परतलेले गाववाले इथल्या चर्चच्या दारात मला गाठतात आणि सांगतात, तुमची उत्तरेची बाजू इतकी माजली आहे की रानडुक्कर शिरलं तर वाट चुकेल. सहा वर्षांपूर्वी तुझा बेल्मिरु गेल्यापासून तिथे कुदळ लागली नाही हे मला कळतं. नवऱ्यामागे एकटी बाई किती करणार? पण आपल्या घराची टेकडी घाणेरडी म्हणून लोक हसले, असं आबांच्या हयातीत झालं नव्हतं. शिवाय वणव्याची भीती आहेच.

तरी तू माझी एकुलती बहीण आहेस. एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापर्यंत थांबतो. तोवर टेकडीवर कुठेही, उन्हाळा काढून जगलेली बुचाची नवी रोपं दाखवलीस तर सही करणार नाही. नाहीतर मला अडवायचं नाही.

डोळा सांभाळ. रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझा,
दादा

कोर्त-फुंदा, २६ सप्टेंबर १९९५

ती. दादास,
आज नमस्कार घाईचा आहे, पण साष्टांग आहे.

दादा, रोपं आहेत.

काल डुकरीण दावं तोडून उत्तरेच्या बाजूला शिरली. त्या रानात उभं राहून चालताच येत नाही. मी शिव्या देत रांगत तिच्या मागे गेले. एश्तेवाच्या झुडपांची चिकट पानं केसांत, मेद्रोन्युच्या फांद्या तोंडावर. हात टेकायला गेले तर बोटांखाली काटेरी पान लागलं. एक डोळा अधू आहे, पण बुचाचं पान माझ्या बोटांना कळणार नाही असं होईल का? मग दुसरं लागलं, पुढे आणखी. काही वीतभर, काही गुडघ्याला लागतील एवढी. दोनतीन उन्हाळे काढलेली. कोणी पेरली म्हणशील, तर निळ्या पंखांचे ते चोर पक्षी बोंडं पळवून पुरून ठेवतात आणि विसरतात, त्यांनीच.

माती उकरून पाहिली. काळी, कुजल्या पानांची, आणि या दुष्काळात, सप्टेंबरात, ओली. झुडपांनी ऊन अडवलं, पानं गाळून माती केली आणि मुळांनी ती उतारावर धरून ठेवली. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या हीच झुडपं उपटत आलो आणि रोपं का मरतात म्हणून देवाला विचारत राहिलो. मी तिथेच बसून रडले. ज्या बाजूची लाज वाटायची म्हणून तिकडची खिडकी उघडत नव्हते, तिथेच हे सगळं वाढत होतं.

सणाला ये, तुझ्या डोळ्यांनी बघ. ही बाजू कोणालाही साफ करू देऊ नकोस. मी शनिवारी फारोला निघते.

तुझ्या शब्दावर विसंबलेली,
झुल्मिरा

एश, २७ सप्टेंबर १९९५

चि. झुल्मिरास,
आशीर्वाद, आणि डोळ्याला नवा उजेड लाभो.

हे पत्र तू परत आल्यावर हातात पडेल असा हिशेब केला आहे. मागच्या वेळी फार कडक लिहिलं. त्यानंतर वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. बेल्मिरु गेल्यानंतर तुला एक मजूर लावून द्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

म्हणून तुला न विचारता एक काम केलं. गुआल्दिनुच्या जावयाचा ट्रॅक्टर ठरवला. तू फारोला असताना तो उत्तरेची सबंध बाजू तव्यांच्या नांगराने साफ करून ठेवेल. वणव्याची भीती गेली, लोकांची तोंडं बंद झाली, आणि तुला बोंडं पेरायला नवी जागा मिळाली. सहीचं आपण नंतर पाहू. गुआल्दिनुला बजावलं आहे की झुल्मिराला आधी कळता कामा नये.

घरी आलीस की आधी खिडकी उघड.
तुझा,
दादा

एश, ३ ऑक्टोबर १९९५

झुल्मी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच खानावळीत फोन केला. ट्रॅक्टर कालच वर गेला म्हणाले. मी ओरडून सांगितलं, आत्ता जा, थांबवा. गुआल्दिनु बिचारा सत्तरीचा, धावत गेला. तासाभराने परत केला तर म्हणाला, जावई संध्याकाळी वरून उतरताना वाटेतच भेटला. काम झालं होतं. फार छान झालं आहे असंही म्हणाला.

फारोचा नंबर माझ्याकडे आहे. हातात घेऊन बसलो आहे. पट्टी बांधलेल्या डोळ्याने तू हे ऐकावंस, इतकं धैर्य मला नाही.

काय लिहू? काहीतरी उरलं असेल असं लिहून पाठव.
अनाक्लेतु

कोर्त-फुंदा, २० नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पुन्हा पुसता आलं नसतं.

बसमधून उतरले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. आधी वास आला, तुटलेल्या एश्तेवाचा, कडू-गोड, सगळा रस्ता भरून. चौकात बायकांनी माझं अभिनंदन केलं. टेकडी आता तुझ्या आबांच्या वेळेसारखी दिसते म्हणाल्या. गुआल्दिनुचा जावई दारात आला, त्याला मी अंजीर दिले आणि प्यालाही भरला. काम त्याने खरंच नेटकं केलं होतं, त्याला कसला दोष देऊ? तो गेल्यावर वर जाऊन हातांनी ढेकळं फोडत बसले. रोपांचे तुकडे मिळाले. काही मुळं आत शाबूत असतील, फुटतील, असं मनाशी धरून जिथे संशय आला तिथे काटक्या खोचल्या.

सर्व संतांचा सण आला आणि गेला. तू आला नाहीस, मीही पुन्हा बोलावलं नाही.

मग पाऊस आला. वर्षभर ज्याच्यासाठी नवस केले तो तीन दिवस थांबलाच नाही. उतारावर ती माती मोकळी, भुसभुशीत, धरायला एक मूळ नाही. नांगराच्या प्रत्येक तासाचा ओहोळ झाला. पहिल्या दिवशी पाणी काळं आलं, दुसऱ्या दिवशी तांबडं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. वर न्यायला काही उरलं नाही म्हणूनच ते स्वच्छ होतं. सहा वर्षांची पानं, ती ओल, माझ्या काटक्यासुद्धा, सगळं अंगणातून ओढ्यात गेलं. कोंबड्यांच्या खुराड्यात गुडघाभर गाळ होता. माझीच टेकडी मी फावड्याने दाराबाहेर ओढली.

तुझ्यावर राग आहे, दादा. माया करून मारलंस म्हणून जास्त आहे. पण तुझी अट मी पुरी करू शकले नाही. वर आता पाटीचा दगड चमकतो. त्यावर निलगिरी तरी धरते का ते कंपनी बघेल. सही कर. माझ्याच्याने आता होत नाही.

वहिनीला नमस्कार. स्वेटर अंगात आहे.
झुल्मिरा

एश, २९ नोव्हेंबर १९९५

चि. झुल्मिरास,
आशीर्वाद देण्याची लायकी उरली नाही, तरी सवयीने लिहितो.

सही करणार नाही. कंपनीला तसं कळवलं, काल टपालात टाकलं. अट तू पुरी केली होतीस. रोपं उन्हाळा काढून उभी होती, दाखवणारीने दाखवली. मारणाऱ्याने पुन्हा त्याच अटीवर बोट ठेवायचं, इतका निर्लज्ज मी अजून झालो नाही.

तुझं पत्र वाचून आधी हात शिवशिवले. वाटलं, येतो आणि दगडी बांध घालतो, खड्डे खणतो, ओढ्यातली माती टोपल्यांनी वर नेतो. वहिनीला सगळं बोलून दाखवलं. ती विणता विणता इतकंच म्हणाली, "तुम्ही पुन्हा साफच करायला निघालात." बेत तिथेच सोडला.

पुढच्या शुक्रवारच्या बसने येतो, कायमचा. तिथे आधी चिकट झुडपं येतील, मग काटे. गाव हसेल. मी खानावळीत बसून ऐकून घेईन, ते माझं काम. झुडपांनी पुन्हा बोटभर माती केली आणि चोर पक्ष्यांना वाट आठवली, तर एखादं रोप येईल. ते बघायला मी नसेन, तूही बहुधा नसशील. याची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

डुकरीण बांधून ठेव. टेकडीला हात लावू नकोस. मी आल्यावर मलाही लावू देऊ नकोस.

तुझा,
दादा