उदगीरला न पोचलेली सायकल

मुखेड, बुधवार, दुपार
(आमच्या सौ. पारूबाई बाजाराला गेल्या आहेत, तेवढ्यात)

आमच्या गाडीचे कायमचे कंडक्टर श्री. गुरुपादप्पा यांना ड्रायव्हर नरसिंगचा जयभीम, आणि तुमच्या रिवाजाप्रमाणे शरणार्थी. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? म्हैस व्याली का? (मागच्या वेळी फोनवर म्हशीची चौकशी राहून गेली आणि तुम्ही दोन दिवस घुश्शात होतात, असं कळलं. म्हणून या वेळी आधीच विचारून घेतो.) इकडे सगळं खुशाल आहे. निदान पत्र टाकेपर्यंत तरी आहे.

रविवारी तुम्ही माझ्यासाठी जेवायचे थांबलात, वहिनींनी शेंगापोळ्या केल्या आणि मी आलोच नाही, याची माफी मागायला हे पत्र आहे. फोन करता आला असता. पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे. कानाला लावलेला फोन दिसला, की माणूस काहीतरी लपवून राहिला, असं पारूबाईंना वाटतं. (या वेळी त्यांचं चुकलं नसतं.)

सायकलीचं प्रकरण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. रिटायर झालो, शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. बत्तीस वर्षं बसून काम केलेल्या माणसाला चालायला सांगणं मला पटेना. मग आमच्या धम्मप्रियानं पहिल्या पगारातून गिअरची सायकल पाठवली. पोरीनं बापाला गाडी घेऊन दिली म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले. (स्वतः एकच खाल्ला.) सायकलीला कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हता, घंटी नव्हती. आधी ते सगळं मिस्त्रीकडून बसवून घेतलं, तेव्हा कुठं ती वाहनासारखी दिसायला लागली. पुढं दोन महिन्यांत मी दोनदा पडलो. पारूबाईंनी निकाल दिला, की ही सायकल त्यांच्या भावाच्या पोराला, आदर्शला, द्यायची. मी फार विनवण्या केल्यावर एक शेवटची संधी मिळाली. रविवारी उदगीरला तुमच्याकडं जायचं, सोमवारी परत यायचं, आणि अंगावर एक जरी ओरखडा दिसला तरी सायकल आदर्शची. आदर्शनं तर हवा भरायचा पंप आधीच येऊन नेला होता.

तर गुरुपादप्पा, रविवारी पहाटे निघालो. हवा गार, दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली, ज्वारी कमरेला लागलेली. ज्या रस्त्यानं आपण हजारदा गेलो, त्याचा मी आवाज कधी ऐकलाच नव्हता. इंजिनच्या घरघरीत ऐकणार काय! या रविवारी ऐकला. ओढ्याला अजून पाणी वाहतंय. डोंगराच्या कडेला तित्तर बोलतात. सीताफळं तोडणाऱ्या बाया टेकाडावरून एकमेकींच्या सासवांविषयी इतकं मोकळं बोलत होत्या, की मी मुद्दाम हळू चालवली. मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. इतकी वर्षं या रस्त्यात मी खड्ड्याशिवाय काही बघितलं नाही.

आता माझी एक खोड सांगतो, हसू नका. प्रत्येक स्टॉपवर माझा पाय आपोआप टेकतो, आणि एकदा टेकला की तुमची डबल बेल झाल्याशिवाय उचलत नाही. पहिल्या दोन फाट्यांवर मी असाच उभा राहिलो. शेवटी हँडलची घंटी स्वतःच दोनदा वाजवायची आणि मग पॅडल मारायचं, असं ठरवलं. पण दोनदा वाजवलेल्या घंटीचा अर्थ या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जांबच्या स्टॉपवर ती वाजवायला आणि एक म्हातारी गाठोडं घेऊन धावत यायला एकच गाठ पडली. तुम्हाला आठवतील त्या, अर्ध्या तिकिटासाठी दर वेळी भांडणाऱ्या तुळजाबाई. त्यांनी मला ओळखलं, सायकलीकडं नीट बघितलं आणि विचारलं, "डायवरसाब, गाडी लई बारीक झाली की वो! आमी बसावं कुटं?"

मी म्हणालो, मी रिटायर झालोय, ही माझी स्वतःची आहे, उगाच फिरायला निघालोय.

"उगाच फिरून ऱ्हायलाव ना, मग वडगावावरून फिरा," म्हणाल्या. "लेक बाळातीन हाय. डिंकाचे लाडू हायत. देऊन मग काय फिरायचं ते फिरा." आणि कॅरिअरला गाठोडं बांधलंसुद्धा. (कॅरिअर बसवायला नको होतं.)

नाही म्हणायची सवय मला नाही, ती तुमची. तुम्ही दारात उभे असायचात तेव्हा लोक घाबरून डबे-पिशव्या खालीच ठेवायचे, आणि मग मागच्या बाजूनं माझ्या खिडकीशी यायचे. तिथंच मी सापडलो. लाडू चाललेत म्हटल्यावर एकानं शिट्टी दुरुस्त केलेला कुकर दिला, शिंप्यानं तीन ब्लाऊज दिले, कुणीतरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिला, आणि एका आजोबांनी चष्मा दिला, तो त्यांच्या थोरल्या भावाला घालून, दिसतं का विचारून, न दिसल्यास परत आणायचा होता. मी का सायकलीवर आहे, हे कुणी विचारलं नाही. परतीची वेळ मात्र सगळ्यांनी विचारली.

सामान पोचवायचं म्हणून हमरस्ता सोडून आत शिरलो, आणि तिथंच माझा रविवार गेला. गेला तो चांगला गेला. एका गावात बारव आहे, पायऱ्या उतरत आत जायच्या, खाली हिरवंगार पाणी आणि देवळीत हत्तीवरून उडी मारणारा सिंह. मी त्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. दुसऱ्या गावात महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, खांब असे गुळगुळीत की हात फिरवत बसावं. पुजाऱ्यानं विचारलं, कुठले? म्हटलं, मुखेडचा. म्हणाला, "मग मुखेडचं देऊळ तर याच्याहून भारी हाय." गुरुपादप्पा, त्या देवळासमोरून मी गाडी किती वर्षं नेली? आत एकदा गेलो नाही. मी खालमानेनं घंटी दोनदा वाजवली आणि निघालो.

मग आलं वडगाव. वेशीच्या अलीकडं उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याला पाचेक जुने वीरगळ उभे आहेत. पूर्वी मुक्कामी गाडी वळवताना मी त्यांचा उपयोग मागचं चाक कुठवर न्यायचं याची खूण म्हणून करायचो. या वेळी पहिल्यांदा त्यांवरचं कोरीव काम बघितलं. खालच्या चौकटीत एक गडी गाईगुरांसाठी लढतोय, मधल्या चौकटीत त्याला बाया वर नेतायत, आणि सगळ्यात वर तो गडी आणि त्याची बायको पिंडीसमोर शेजारी शेजारी बसलेत, काही घाई नसल्यासारखे. मला एकदम पारूबाईंची आठवण आली. आम्ही दोघं असे कुठं कधी बसलो, ते आठवायला लागलो. आठवत असताना ब्रेक दाबायचा असतो, हे राहून गेलं. रस्त्याकडेला सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता. त्यात मी आधी गेलो, त्याच्या पलीकडं नाली होती, तिच्यात नंतर.

कोपर आणि गुडघा सोलपटला. कुकरची शिट्टी पुन्हा गेली. चष्मा वाचला. लाडवांना काही झालं नाही, तुळजाबाईंचे लाडू नालीला ऐकणारे नव्हते. गावकऱ्यांनी हळद लावली, बाळंतिणीच्या घरी जेवायला घातलं आणि अंधार पडत आला म्हणून निघायला मनाई केली, म्हणजे मुक्काम झाला. सोमवारी सकाळी सोयाबीन नेणाऱ्या टेम्पोत सायकल टाकून मुखेडच्या बाहेर उतरलो, आणि शेवटचा फर्लांग ताठ बसून, घंटी वाजवत, घरापर्यंत चालवली. पारूबाई दारात होत्या. नजर थेट कोपरावर.

असो. म्हशीला काय झालं ते कळवा. पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
नरसिंग

ता. क. – मुद्द्याचं लिहायचं राहिलं. कोपराचं विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, की मी सुखरूप उदगीरला पोचलो आणि तुमच्या मोरीत पाय घसरून पडलो. मोरीतलं पडणं सायकलीच्या हिशेबात धरता येत नाही, हे त्यांनाही मानावं लागलं. तेव्हा कृपा करून लक्षात ठेवा : मी रविवारी बारा वाजता तुमच्याकडं आलो, दोन शेंगापोळ्या तुपासोबत खाल्ल्या (न खाल्लेल्या पोळ्यांवरून मी तासभर बोलणी खाल्ली आहेत) आणि चारच्या सुमारास तुमची मोरी ओली होती. वहिनींनाही सांगून ठेवा. वहिनींच्या मोरीला नाव ठेवल्याबद्दल त्यांची वेगळी माफी मागतो.

ता. क. २ – वरचं वाचून मी सगळे चढ सायकलीवर बसूनच चढलो असं वाटेल. चढाला मी उतरून ढकलत होतो. पारूबाई परत आल्या की पत्र त्यांच्याकडंच देतोय, पोस्टाची पेटी त्यांच्या दळणाच्या वाटेवर आहे. पाकीट डिंकानं पक्कं चिकटवलं आहे.

ता. क. ३ – आप्पा, मी पारूबाई लिहून राहिले. मी सातवी पास हाय, ह्ये ह्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पाकीट वाफेवर धरलं की उघडतंय. मोरीत पडलेल्या माणसाच्या कानात सोयाबीनचं भुसकट कुठून येईल? सोमवारीच मला सगळं कळलं व्हतं. तुम्ही आपलं ते सांगतील तसंच सांगा, मी मान हलवीन. सायकल देत न्हाई म्हणून आदर्शला कालच निरोप धाडला, पंप बी परत मागवला. आता माझं एक काम करा. बत्तीस वर्षं ह्यांनी साऱ्या तालुक्याला फिरवलं, पन मला त्यांच्या गाडीत एकदा बसू दिलं न्हाई. घरचं माणूस मागं असलं की हात थरथरतोय म्हनायचे. तुम्ही तुमच्या मनानं सुचल्यावानी त्यांना लिवा, की फुडच्या बारीला पारूबाईला मागं बसवून आणा. मी म्हनले म्हनून सांगू नका. चढ आला की मी बी उतरून ढकलू लागीन.