जावईबापू झोपेत दात खातात

ती. शोभनामावशींना अमेरिकेतल्या चँडलरहून जावई शंतनूचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इथला उन्हाळा तुमच्या नागपूरलाही लाजवील असा आहे, तेव्हा यंदा तुम्हीच आमची काळजी करा. बाकी आम्ही दोघं मजेत. (म्हणजे हिमानी.)

तर तुमच्या लाडक्या भाचीचं म्हणणं असं, की मी झोपेत करकरा दात खातो. मी म्हटलं, शक्यच नाही. तिने फोन उशीशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि सकाळी चहाबरोबर ऐकवला. बाप रे! जात्यात कुणी खडे भरडावेत तसा! मग तुम्ही फोनवर छातीठोकपणे "जंत झालेत" म्हणालात आणि वावडिंग पाठवलंत. मी मुकाट्याने काढा घेतला. (चवीबद्दल मोठ्यांसमोर बोलू नये.) जंत असलेच तर पळाले असतील, आवाज मात्र तिथेच. शेवटी हिमानीने माझी रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर केली आणि डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

डेंटिस्टबाई भल्या. सकाळी डोकं दुखतं का, जबडा आखडतो का, टेन्शन आहे का, सगळं विचारलं. मी नाही म्हटलं. (व्हिसाचं आहे, पण ते काय, इथे सगळ्यांनाच असतं.) मग मीच आगाऊपणा करून जंतांचं सांगितलं, तेही तुमच्या नावानिशी. बाईंची खुर्ची हातभर मागे सरकली! तरी बिचारीने रेकॉर्डिंग ऐकलं, माझे गाल दाबून पाहिले, आरसा घालून दाढ न् दाढ तपासली आणि म्हणाली, "दात जराही झिजलेले नाहीत, जबडाही मोकळा आहे. हा आवाज तुमचा नाही. खोलीत आणखी कोण झोपतं?"

मावशी, मी तिथेच आडवा पडल्यापडल्या खदाखदा हसत सुटलो. बाईंना वाटलं, जंतांचाच प्रकार.

विजयी मुद्रेने घरी आलो, तर हिमानी कपाळाला बाम चोळत बसलेली. म्हणाली, "तुझ्यामुळे रोज सकाळी डोकं ठणकतं, आता जबडासुद्धा दुखतो यार. आणि तू सोफ्यावर गेलास तरी फोनमध्ये आवाज येतोच. भिंतीतून येतो!" माझं हसू पार उतरलं. दात तिचे झिजतायत हो, आणि ते तिला सांगायची माझी छाती नाही. मी आपला "दातांना गार्ड लावतो" म्हणून मोकळा झालो.

काकांना नमस्कार सांगा. पत्र नागपूरला निघालेल्या माझ्या मित्राच्या, देवांगच्या हाती पाठवतोय, कारण माझा फोन हिमानी माझ्याआधी वाचते.

आपला निर्दोष जावई,
शंतनू

ता. क. : तिला तुम्हीच सांगा ना! लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायची तेव्हापासून दात खाते, म्हणावं, मुकाट्याने डेंटिस्टकडे जा. खोटं असलं तरी दडपून सांगा, तुमचा शब्द ती मोडत नाही. माझं नाव नको.

ता. क. दुसरं : आणि जावयाला खोलीत परत घे, हेही सांगा. हॉलमध्ये अगदी शांतता असते. मला झोपच लागत नाही.