कुडूपाशी कोण थांबलं

नोव्हाय, मिशिगन
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनुप,

बुधवार, १८ जून २०२५, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, नामिबियाची वेळ. त्या मिनिटाला तू रायफल गाडीत आडवी ठेवलीस, घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, "आय हॅव टू टेक धिस कॉल, आई. दे विल फाइंड इट." चार महिने मी हे मनात ठेवलं, आता कागदावर उतरवते. तारीख आणि वेळ आधी घातली, कारण कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी तक्रार अशीच लिहायला शिकवली होती. पुढे बावीस वर्षं मी इथल्या शाळेच्या ऑफिसात गैरहजर मुलांच्या नोंदी ठेवल्या. कोण कधी उठून गेलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दहा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला तिकीट लावून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू नेहमी गाडीत असतोस आणि माझं वाक्य अर्ध्यावर आलं की "होल्ड ऑन, आई" म्हणतोस. गेल्या महिन्यात तीनदा मी होल्डवर बसले, एकदा तर कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत. म्हणून हे पत्र. तळघरातल्या टेबलावर बसवून मी तुला मराठी वाचायला शिकवलं, ते आता कामाला येऊ दे. मीराला वाचून दाखवायला सांगू नकोस. सून म्हणून ती तुझ्या वाटणीचं पुष्कळ करते, एवढं तरी तू स्वतः कर. मला एक गोष्ट ठरवायची आहे. कठीण वेळ आली की तू जागेवर थांबतोस की नाही, मला तुझ्यावर विसंबता येईल की नाही, यावर ती अवलंबून आहे. कोणती, ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस.

एक आधीच स्पष्ट करते. तू प्राणी मारलास म्हणून मी रागावलेली नाही. आपल्या घरात पंचशील म्हटलं जातं आणि रविवारी मटणही शिजतं. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, त्यामुळे तुला उपदेश करायचा मला अधिकार नाही. तुझ्या बॉसने तुला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला नेलं तेव्हा मी कुरकुर केली, तर बाबा हसून म्हणाले होते, "जाऊ दे गं, इथे प्रमोशनचा रस्ता जंगलातून जातो." तू आणलेल्या मांसाचा मी सावजी मसाला घालून रस्सा केला आणि तू दोनदा वाढून घेतलास. नामिबियाला तू मला नेलंस तेही प्रेमाने नेलंस, हे मला कळतं. बाबा गेल्यावर मी घरात एकटी बसून असायचे. मीराला रजा नव्हती. तू म्हणालास, "ऑब्झर्व्हर म्हणून ये, आई. काही करायचं नाही, नुसतं बघायचं." कॅम्पच्या कागदावरही माझ्या नावापुढे तसंच छापलं होतं. ठीक आहे. मी बघितलं.

पहिले तीन दिवस मला आवडले, खोटं कशाला बोलू. सकाळची थंडी, लाल माती, एकाच शेताला चाळीस मैलांचं कुंपण. डिर्क, म्हणजे शिकाऱ्याला घेऊन फिरणारा आपला परवानेवाला गाइड, जर्मन घराण्यातला, बोलायला रुक्ष पण कामात चोख. योहानेस, माग काढणारा, साठीचा असेल. तो मला "मेमे" म्हणायचा. त्यांच्या भाषेत आईला मेमे म्हणतात असं त्याने सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, या कॅम्पवर कुणीतरी माझ्याकडे बघून मला हाक मारतो. तू फोनमध्ये होतास. तुला ऐकू आलं नाही.

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो कुडू झाडीच्या कडेला उभा होता. आपल्या नीलगाईएवढा, अंगावर पांढऱ्या रेघा, शिंगं पीळ देत वर गेलेली. मी तुमच्या मागे दहा पावलांवर होते. तू बंदूक तिवईवर टेकवली होतीस. तो वळत होता. डिर्क म्हणाला, "वेट." मला ऐकू आलं, म्हणजे तुलाही ऐकू आलं. तू थांबला नाहीस. कुडू कुबड काढल्यासारखा वाकला आणि झाडीत शिरला. योहानेसने एक पान खुडलं, त्यावरचं रक्त हुंगलं आणि डिर्कच्या हातात दिलं. रक्तात हिरवट काहीतरी होतं. गोळी पोटात लागली होती. असा प्राणी लगेच मरत नाही. तास न् तास चालत राहतो, बसतो, पुन्हा उठतो. डिर्कने हे आपल्याला पहिल्याच दिवशी, तू खुंटावरच्या कागदावर नेम धरत होतास तेव्हा सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की जखमी केलेल्या प्राण्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं, ही इथली रीत आहे. तू मान डोलावली होतीस.

चार तास तुम्ही चाललात, हे मी मान्य करते. योहानेस जिथे रक्ताचा थेंब दिसेल तिथे एक काडी रोवायचा. मी गाडीत बसून त्या काड्या मोजत होते. डिर्क मधूनमधून येऊन गाडी पुढे आणायचा. मग कॅम्पवरून पिकअप कुत्रा घेऊन आली आणि तुला तुझा कॉल आठवला. इथे नोव्हायमध्ये सकाळचे नऊ वाजले की तिथे दुपारचे तीन, आणि तुझ्याविना मीटिंग होणार नव्हती. मी म्हटलं, "मी थांबते." तू म्हणालास, "आई, डोन्ट बी ड्रॅमॅटिक. कम ऑन, लंच आहे." डिर्क बुटाची लेस बांधत बसला. तिचं बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बांधत बसला. योहानेस तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, तो जमिनीकडे बघत होता. तुला घेऊन गेलेल्या पिकअपची धूळ खाली बसायच्या आत तो पुढे निघाला.

चार वाजून पाच मिनिटांनी मला गोळीचा आवाज आला. एकच. नंतर डिर्क मला न्यायला आला. न्यायची गरज नव्हती, पण त्याने विचारलं आणि मी गेले. कुडू एका काटेरी झुडपाखाली पडला होता. मातीत त्याच्या बसण्याच्या तीन जागा होत्या, प्रत्येक थोडी पुढे. डिर्कने जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, म्हणाला. त्याच्या आजोबांपासून चालत आलेली रीत. मग दुसरी डहाळी मोडून ती रक्ताला टेकवली. ती शिकाऱ्याच्या हॅटमध्ये खोवतात. हातात ती डहाळी घेऊन तो उभा राहिला, आजूबाजूला बघितलं आणि मला पुढे केली. मी म्हटलं, मी मारलेला नाही. मग त्याने ती कुडूच्या अंगावर ठेवून दिली. मी खाली बसले. गुडघा बदललेल्या बाईला तिथून उठवायला दोन माणसं लागली, ते सोड. कुडूची मान अजून गरम होती.

संध्याकाळी सहाला आम्ही परतलो तेव्हा तू आंघोळ करून शेकोटीपाशी बसला होतास. तू उठून आलास आणि विचारलंस, "हॉर्न्स किती इंच?" सापडला का, कधी मेला, किती वेळ लागला, यातलं काही नाही. डिर्कने आकडा सांगितला. मग तू कपडे बदलून परत शिकारीचे घातलेस, रायफल मागवलीस आणि गाडीतून उतरवलेल्या कुडूच्या शेजारी गुडघ्यावर बसून फोटो काढून घेतलास. जीभ आत ढकलून तोंड नीट बंद करावं लागलं. ते काम योहानेसने केलं, आणि करताना तोंडातली ती डहाळी खाली पडली. फोटोवर दोनशे चौदा लाइक्स आले. आपल्या बुद्धवंदनेच्या ग्रुपवरच्या लोकांनीही अंगठे दाखवले. खाली तू लिहिलंस, "हार्ड अर्न्ड." कुणी अर्न केलं, अनुप?

मी तेव्हाच का बोलले नाही? कारण मला त्या कुडूबद्दल बोलायचं नव्हतं, आणि ज्याबद्दल बोलायचं होतं ते दीड वर्ष माझ्या घशात अडकलं होतं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी २०२४. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन सांभाळणारी, नर्स सकाळीच म्हणाली होती की बहुतेक आज. बाबांसाठी तू काय केलं नव्हतंस? पलंग तू आणलास, ऑक्सिजन तू आणलास, औषधांचा तक्ता करून फ्रिजवर तू लावलास, विम्यावाल्यांशी तू भांडलास. रेखा मावशी बुद्धवंदनेच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "सुलेखा, पोरगा असावा तर असा." मी मान डोलावली, आणि ते खरंही होतं. पण खोलीत तू पाच मिनिटांपेक्षा जास्त बसत नव्हतास. तक्ता बघायचास, मशीन बघायचास, बाबांकडे बघायचा नाहीस. त्या दुपारी सव्वादोनला तू कोट घालून दारात आलास. म्हणालास, "आई, आय कान्ट सी हिम लाइक धिस. काही झालं तर कॉल कर." काही झालं तर! बाबांच्या ओठांना मी काडीवरच्या स्पंजने पाणी लावत होते. नर्स स्वयंपाकघरात फोनवर होती. चार वाजून पन्नास मिनिटांनी ते गेले. डोळे दाराकडे होते. त्यात काही अर्थ नसतो, असं नर्स म्हणाली. नसेलही.

आता माझ्या वाटणीचं लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धं खोटं होईल. नागपूरला माझी आई वारली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तू तिच्या पलंगाला चिकटून बसला होतास आणि मी तुला ओढून शेजारच्यांकडे नेऊन सोडलं, वर सिनेमाला पाठवलं. लहान मुलाने हे बघू नये, असं मला वाटलं. तू परत आलास तेव्हा पलंग रिकामा होता आणि तू काहीच विचारलं नाहीस. कदाचित न विचारणं तू तिथेच शिकलास, म्हणजे माझ्याकडून. आणि त्या मंगळवारीही, तू दारात उभा असताना, मीच म्हणाले होते, "जा, मी आहे ना." हे तू मला ऐकवू शकतोस. ऐकव. पण मला वाटलं होतं, मी जा म्हटलं तरी तू जाणार नाहीस.

आता मी थकले आहे, आणि राग राग करायलाही दम लागतो, शब्दशः लागतो. नऊ सप्टेंबरला डॉक्टरांनी सांगितलं की माझी फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत. दोन वर्षं, फार तर तीन. मीराला माहीत नाही, रेखाला माहीत आहे. आपल्या राज्यात एक कागद करून ठेवता येतो. मला बोलता येईनासं झालं की माझ्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलेल, नळ्या लावायच्या की नाही, कधी काढायच्या, हे कोण सांगेल, त्याचं नाव त्यात घालायचं. ज्याचं नाव घालू त्याने हे पत्करलं, अशी स्वतःची सही करावी लागते. तो कागद मी या पाकिटात घातला आहे. नावाची जागा कोरी आहे. तक्ते आणि मशीन मला नकोत, ते मीरा बघेल. मला खोलीत खुर्ची ओढून बसणारा माणूस हवा आहे, मी कशीही दिसत असले तरी माझ्याकडे बघणारा, आणि मी जा म्हटलं तरी न जाणारा. रेखा तयार आहे. मी विचारायच्या आधीच तिने पेन मागितलं. पण मी तिला थांबवलं, कारण पहिलं विचारायचं ते तुला. नाही म्हणालास तर मला वाईट वाटेल, पण तुझ्यावर चिडून मरणार नाही. आणि हो म्हणायचं असेल तर आधी ठरव की तू बसणार आहेस. मला उत्तर लेखी हवं. कागदावर, तुझ्या हातचं, हो किंवा नाही, इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल. शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या पत्रपेटीत पडलं पाहिजे. शनिवारपासून तुमची हरणांची शिकार सुरू होते आणि मग तू सापडत नाहीस. फोन, टेक्स्ट, अंगठा, "कॉल यू लेटर", यातलं काहीही उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. पाच वाजून एक मिनिटाने मी रेखाचं नाव लिहीन.

तुझीच, रागावलेली असली तरी तुझीच,
आई