सारिकाची उंची

शुक्रवार, संध्याकाळ. लातूर.

सारिकाचं नाव आलंच नाही.

महिला बास्केटबॉल लीगचा आज ड्राफ्ट होता. जळकोटहून माझ्याकडे खेळायला येणारी सारिका आणि मी, दोघी दुपारी मैदानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर बघत होतो. संघ एकेक खेळाडू निवडत गेले. शेवटच्या फेरीत तिच्याच जागेवर खेळणारी, पण तिच्याहून उंच मुलगी घेतली, आणि संपलं.

ड्राफ्टच्या फॉर्मवर उंची भरताना सारिका म्हणाली होती, "मॅडम, दोन इंच वाढवून लिवा की. समदेच लिवतात." मी पाच फूट तीनच लिहिलं. खाली प्रशिक्षक म्हणून सही माझी. दोन इंचांनी काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित सगळंच.

ती रडली नाही. बुटाच्या नाड्या सोडताना म्हणाली, "खरं लिवलं ते बरं केलं मॅडम. पण माझ्यासाठी लिवलं का तुमच्यासाठी?"

'तुझ्यासाठीच' असं ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "माझ्यासाठी. पकडले गेले असते तर माझं नाव खराब झालं असतं. भ्याले."

"हाव, मला वाटलंच," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग बॅग उचलून एसटी स्टँडकडे गेली.

दोन इंच, दोन इंच. डोक्यातून जाईना.

एव्हाना ती घरी पोचली असेल. दारातच सगळे विचारतील, "आलं का नाव?" मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. हे आत्ता सुचतंय.