अकरा पावलांवरचं दार

॥ श्री ॥
कामठी, ता. ७ नोव्हेंबर १९७७

चि. श्रीधरभाऊजी यांस गोपिकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या घराचा तुमचा नकाशा घडी न मोडता पोचला. खाली आम्ही आणि आई, बदली झाली की वर तुम्ही आणि शामला, आतूनच जिना, आणि एवढ्याला तिकडे डुप्लेक्स म्हणतात हे वाचून यांची छाती फुगली. शेजारच्या प्रेमिलाबाईंना दोनदा दाखवून झाला.

आता काळजीचं. आईंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत नजर जाईल आणि गेलेली परत यायची नाही. आई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की नव्या घरात मले कोणी हात धरून फिरवायचं नाही, मी माह्या पायानं फिरीन, मले ते घर आत्ताच दाखवा. नकाशा हातात दिला तर म्हणाल्या, कागदावर काय दिसते वं, जमिनीवर काढ.

म्हणून काल नागपूरला नंदनवनच्या आपल्या प्लॉटवर यांनी दोरी ताणून चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर आखलं. आई चपला काढून आत शिरल्या, त्याही दारातून. रेघ ओलांडून कुठूनही जाता आलं असतं. बैठक, मग आमची खोली, मग त्यांची. खोल्यांलगतच्या बोळीतून पावलं मोजत गेल्या. माझा पाय चुकून रेघेवर पडला, तर म्हणाल्या, भिंतीत काहून उभी राहिलीस? मी हसायला गेले आणि पाय मागे घेतला. त्या उघड्या मैदानात त्यांना घर दिसत होतं, मला नुसती फक्की.

तुमच्या चुकाही निघाल्या, ड्राफ्ट्समनसाहेब. आईंना नहाणीत जायचं तर बैठकीतल्या पाहुण्यांसमोरून जावं लागतं. जिना मधोमध, हाताला भिंत नाही. आईंचा निरोप आहे की श्रीधरले सांग, बाईमाणूस घरात कसं वावरते ते पाहून मग पेन्सिल उचल.

लोभ आहे तिथेच ठेवा, जिना तेवढा हलवा.
तुमची वहिनी,
गोपिका

भिलाई, ता. २० नोव्हेंबर १९७७

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी माझाच नकाशा पुन्हा उघडला. बारा वर्षं नकाशे काढतोय, पण आपल्या नकाशातून असं कुणी चालून जाईल हे डोक्यात आलं नव्हतं. बाबांसोबत वावर पावलांनी मोजणारी आपली आई, तिला मी कागद पाठवला!

सुधारलेला नकाशा सोबत आहे. जिना भिंतीला लावला, पायऱ्या सतरा. नहाणी आईच्या दारासमोरच. आता तिने आणखी चुका काढाव्यात, मी कान धरून उभा आहे.

दादाला नमस्कार. रागवायचं असलं तरी पत्र टाकत जा.
आपला,
श्रीधर

कामठी, ता. १३ फेब्रुवारी १९७८

चि. श्रीधरभाऊजींस अनेक आशीर्वाद.

नवा नकाशा आईंनी पास केला. दर रविवारी बसने जातो, पुसलेल्या रेघा हे पुन्हा ओढतात, आणि आई चालतात. उंबऱ्यापासून अकरा पावलं, उजवीकडे त्यांचं दार. दाराकडे पाठ केली की चार पावलांवर नहाणी. आता डोळे मिटूनच चालतात, उघडे असले तरी फारसा फरक नाही असं स्वतःच म्हणतात. काल त्या नसलेल्या दाराची कडी काढून आत गेल्या. बाजूच्या प्लॉटवरचे धोंडबा गाडी थांबवून पाहत राहिले. मला एकदम हात जोडावेसे वाटले.

पुढच्या महिन्यात देवाजी मिस्त्री पाया खणतील. तुमची आठवण रोज निघते, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची,
गोपिका

भिलाई, ता. १९ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

घाईने लिहितो. दादाने भिंतीसाठी एकेकच रेघ ओढली ना? फक्कीच्या रेघेला जाडी नसते, वहिनी. खरी भिंत नऊ इंचांची. बैठक आणि आईची खोली यांच्यामध्ये तुमच्या खोलीच्या दोन भिंती येतात, म्हणजे आईचं दार दीड फूट पुढे जाईल. अकरा पावलं मोजून ती वळेल आणि भिंतीवर आदळेल. मी हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक आहे. तिला सांगा, नव्याने मोजू द्या. मला इथे झोप नाही.

आपला,
श्रीधर

नंदनवन, नागपूर, ता. २० नोव्हेंबर १९७८

चि. श्रीधरभाऊजींस नव्या घरातून पहिले आशीर्वाद.

कारखान्यातून सुटी मिळाली नाही म्हणून तुम्ही वास्तुशांतीला नव्हता. पाहिलं ते सगळं लिहिते.

तुमचं ते फेब्रुवारीतलं पत्र यांनी वाचून खिशात घातलं आणि आईंना काही सांगू दिलं नाही. म्हणाले, ते घर आता तिच्या डोळ्यांत बसलं आहे, तिथून हलवायचं नाही. पुढे काय केलं ते मलाही सांगितलं नाही. आईंची नजर वैशाखात पूर्ण गेली. तेव्हापासून मी या दिवसाच्या धास्तीत होते.

काल उंबऱ्याशी आईंनी माझा हात सोडला. घर माणसांनी भरलेलं, पण भटजीसुद्धा थांबले. अकरा पावलं मी मनात मोजली आणि डोळे मिटून घेतले. आदळल्याचा आवाज आला नाही. उघडून पाहते तर दार रिकामं होतं आणि आई आत पलंगावर बसल्या होत्या. मग नहाणीत जाऊन नळ सोडून पाहिला. मग भिंतीला हात लावत सतरा पायऱ्या चढून वर गेल्या आणि तिथून ओरडल्या की श्रीधरच्या खोलीले हवा चांगली आहे. मला हुंदका आवरला नाही.

आज सामान लावताना माझं माहेरचं कपाट आमच्या खोलीत मावेना. टेप लावला. तुमच्या नकाशातली दहा फुटांची खोली साडेआठच भरली. यांना विचारलं तर चोरी पकडल्यासारखं हसले. म्हणाले, आईची पावलं तिच्या दारापर्यंतची ठरली होती, आपल्या खोलीतली तिनं कुठं मोजली होती? दोन्ही भिंती त्यांनी आमच्याच खोलीत घेतल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही म्हणून चांगली खडसावणार होते. तेवढ्यात बोळीतून आई गेल्या, हात मोकळे सोडून, गुणगुणत. मी टेप गुंडाळून ठेवला.

कपाट वर तुमच्या खोलीत चढवलं आहे, शामलाला सांगा. लोभात मात्र दीड फूटही कमी करू नका.
तुमची वहिनी,
गोपिका