शमादानाचा तळ

३ मार्च
सापडलं! चांदीवाल्या काकांच्या दुकानात, मागच्या फळीवर. मेणबत्तीचं शमादान, अस्सल चांदीचं, निदान दीडशे वर्षांचं. तशी दोन आहेत — पण त्यांना जोडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भिंगातून पाऊण तास पाहिलं. एक अस्सल. दुसरं नक्कल! दांड्यावर कोरलेली पानं बुजरी, शिक्का तिरका. मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही, नजर आहे.
काकांना तोंडावर सांगितलं. उजव्या अंगठ्यावर जुना आडवा वण आहे त्यांच्या. तो चोळत म्हणाले, "जोडी तोडू नका हो. वडिलांच्या वेळची आहे."
विकणाऱ्यांना भावना फार.

४ मार्च
बायको: "दोन्ही सारखीच तर दिसतात!" पंचवीस वर्षं माझ्याबरोबर राहून!

७ मार्च
अस्सल तेवढं आणलं. काकांना समजावलं — ही पानं बघा, असा हात आता कोणाचा उरलेला नाही. ते थबकले. "पुन्हा एकदा म्हणा." म्हटलं पुन्हा, जरा मोठ्याने. कानाने कमी ऐकू येत असावं. बांधून देताना सुतळीची गाठ दोनदा सुटली त्यांच्या हातून. वय!

१२ मार्च
परवा वाचनालयात माझं व्याख्यान — 'अस्सल आणि नक्कल'. काकांनाही बोलावलंय. जन्मभर चांदी ठोकली, थोडं ज्ञानही पडू दे पदरात.

१३ मार्च
बायको शमादान पुसत होती, तळाचं हिरवं कापड सुटलं. जुन्या वस्तूचं कापड उचलायचं नाही, हा नियम माझाच. म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं.
आत वजनासाठी भरलेली लाख. लाखेत दाबलेला अंगठा. मधोमध आडवा वण.
भिंग लागलं नाही.
दुरुस्ती केली असेल, म्हणून फोन केला.
"नाही हो, अख्खं मीच केलं. बाविसाव्या वर्षी. जोडीतलं एक हरवलं होतं."
"म्हणजे ते दुसरं —"
"ते जुनं."
"मग बोलला का नाहीत?"
"तुम्ही इतकं छान बोलत होतात!"
बायको दाराशी उभी. हसली नाही. तेच जास्त लागलं.

१४ मार्च
व्याख्यान झालं. शेवटी शमादान उलटं धरून सगळ्यांना तळ दाखवला. पहिल्या रांगेत काकांनी अंगठा मुठीत लपवला.