बांधावरची ओल

बाबा, आपल्या शेतावर आता गोदाम उभं आहे. अंजूरला आले की त्याच्या पत्र्यावरचं ऊन मला पाणीच वाटतं, आणि त्या पाण्याखाली तुम्ही बसलेले दिसता, हद्दीच्या दगडाकडे तोंड आणि खाडीकडे पाठ करून.

त्या वर्षी गावभर जमिनींच्या मोजण्या चालल्या होत्या. शेजारचे काका दगड वीतवीत सरकवतात, असं तुमच्या मनाने घेतलं. मग काय, ब्रह्मदेव आला तरी तुम्ही ऐकणार नव्हता! भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात, पण तुम्हाला दिसायचा तो दगडच. मला तुमचा राग यायचा. अजूनही येतो.

सर्वपित्री अमावस्या. आई वडे तळते आहे आणि काका अंगणात उभे आहेत.

"दादा, तुज्या बांदाला खेकऱ्यानं भोक पारलंय. दुपारी उधान हाय. चल, दोगं मिलून चिखल भरू."

"मी तिकरं गेलो का तुला हतं रान मोकलं," तुम्ही म्हणालात.

खाडीच्या बांधाचा आपापला वाटा ज्याने त्यानेच राखायचा, दुसऱ्याने त्याला फावडं लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. काका मान खाली घालून गेले. तुम्ही दगडापाशी बसलात आणि मला बघायला पाठवलंत. बांधाच्या पोटातून बारीक धार येत होती. ते थंड पाणी पायाच्या बोटांमधून वाहत होतं, चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या, आणि मी किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे. परत आले तेव्हा तुम्ही दगडावरची नजर न काढता विचारलंत, "पानी येतंय का गो?"

दुपारी खारं पाणी भातात शिरलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं चकाकत पसरत गेलं. पुढे तीन वर्षं तिथे काही पिकलं नाही, मग तुम्ही जमीन विकून टाकलीत. भोक काकांनीच पाडलं, असं शेवटपर्यंत म्हणत राहिलात.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही. त्या अमावस्येच्या दोन दिवस आधी आईने काकांची बाजू घेतली, तर तुम्ही तिच्याशी बोलणंच टाकलं होतंत. माझ्याशीही टाकाल, या भीतीने मी "न्हाय" म्हटलं, बाबा. आणि त्या अख्ख्या वर्षात तुम्ही विश्वास ठेवलात तो तेवढ्या एका शब्दावर.